बाबांच्या कॉलेजने नाही म्हटलं: एका घराचं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्या एका मराठी घरातलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकाच धर्तीच्या दोन-तीन घरांतल्या गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत. कॉलेजचं नाव देत नाही. नाव दिलं की चर्चा लगेच रँकिंगवर जाते आणि मूळ विषय बाजूला पडतो.

मार्च संपत आला की माझ्यासारख्या समुपदेशकांचे फोन वाढतात. बहुतेक वेळा काळजी मुलांची असते: जेवत नाही, खोलीतून बाहेर येत नाही, कॉलेजचं नाव काढलं की रडते. या घरातल्या आईने मात्र फोनवर सरळ सांगितलं, "लेक ठीक आहे हो. ट्रॅकच्या प्रॅक्टिसला जाते, मैत्रिणींशी हसते-बोलते. ह्याचं काय करायचं ते सांगा." ह्याचं म्हणजे नवऱ्याचं.

माणूस आणि त्याचं कॉलेज

वडील १९९३ साली महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून पदवीच्या पहिल्या वर्षासाठी थेट अमेरिकेत आले. त्या काळी आपल्याकडची बहुतेक मुलं इंजिनिअरिंग उरकून एम.एस.साठी यायची. बारावी झाल्या झाल्या, पूर्ण आर्थिक मदतीवर, चार वर्षांच्या कॉलेजात येणारा मुलगा विरळाच. घरी शाळामास्तर वडील, फॉर्म समजावून सांगणारं कोणी नाही, गणिताच्या सरांनी हाताने लिहून दिलेलं शिफारसपत्र. कॉलेजने फी माफ केली, राहायची-जेवायची सोय केली आणि पहिल्या थंडीत कोट घ्यायलाही पैसे दिले. त्या कोटाची गोष्ट मी त्यांच्याकडून एकदा ऐकली, बायकोकडून एकदा आणि मुलीकडून एकदा. तिघांनी ती सारख्याच शब्दांत सांगितली, यावरून ती घरात किती वेळा सांगितली गेली असेल याचा अंदाज येतो.

पुढची तीस वर्षं ते कॉलेज या गृहस्थांचं माहेर होतं. दर पाच वर्षांनी रियुनियनला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जायचं, कुटुंबासकट. पदवीला पंधरा वर्षं झाली त्या रियुनियनला मुलगी पाच वर्षांची होती. सगळे डॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजच्या वसतिगृहात राहिले आणि ती बाबांच्या जुन्या इमारतीत जमिनीवर गादी टाकून झोपली. तिच्या मापाचा स्वेटशर्ट दर दोन-तीन वर्षांनी नवा यायचा. वर्गमित्रांना फोन करून वार्षिक निधीसाठी देणग्या मिळवायचं काम ते हौसेने करायचे. शिवाय आपल्या भागातल्या अर्जदारांच्या मुलाखती घ्यायचे. (स्वतःचं मूल अर्ज करत असेल त्या वर्षी मुलाखती घ्यायच्या नाहीत, असा दंडक बऱ्याच कॉलेजांत असतो. त्याप्रमाणे त्या वर्षी ते बाजूला झाले होते.)

मुलाखतींचा हा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. ज्या मुलांबद्दल त्यांनी भरभरून लिहिलं, त्यातली बहुतेक नाकारली गेलेली त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. त्यांच्या आई-वडिलांना "यात मुलाची काही कमतरता नाही" असं समजावलंही होतं. म्हणजे या नकाराबद्दल आपण जे काही समजुतीचं बोलू शकतो, ते सगळं त्यांना आधीच पाठ होतं.

काय घडलं

मुलीने १ नोव्हेंबरच्या मुदतीत अर्ली डिसिजनचा अर्ज केला. प्रवेश मिळाला तर हेच कॉलेज घेणार, असं लिहून देण्याची ही पद्धत. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर आलं: डिफर. म्हणजे निर्णय नेहमीच्या फेरीत, मार्चमध्ये. वडिलांनी त्यातून आशाच वाचली. सुट्टीत तिच्याकडून नवी माहिती कळवणारं पत्र लिहून घेतलं आणि कॉलेजच्या कारभारात वजन असलेल्या एका वर्गमित्राला सहज म्हणून फोन केला. तो गोड बोलला. प्रवेशाच्या बाबतीत आम्ही कोणी लक्ष घालत नाही, असंही म्हणाला. हे दुसरं वाक्य वडिलांनी मनावर घेतलं नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निकाल संध्याकाळी सात वाजता लागणार होते. वडिलांनी जाहीर केलं होतं की सगळे मिळून बघू. मुलीने प्रॅक्टिस उशिरापर्यंत आहे म्हणून कळवलं. खरं तर प्रॅक्टिस संपली होती. तिने शाळेच्या पार्किंगमध्ये, गाडीत एकटीने, फोनवर पोर्टल उघडलं आणि मग जवळजवळ दोन तास घरी आली नाही. आल्यावर आधी आईला सांगितलं. आईने खाली जाऊन नवऱ्याला. तो वर आला आणि मुलीला पहिलं वाक्य बोलला ते हे: "लॉगिन नीट केलंस ना? परत एकदा बघ."

तिने काही न बोलता फोन पुढे केला. त्यांनी पत्र वाचलं, वर सरकवून परत वाचलं आणि विचारलं, "वेटलिस्टपण नाही?"

"नाही बाबा."

पुढचे काही दिवस त्यांनी काय काय केलं, ते आईने मला सांगितलं. शाळेतून आणखी कोणाला प्रवेश मिळाला ते शोधलं. रात्री उशिरापर्यंत आकडे बघत बसले. प्रवेश विभागाच्या प्रमुखांना लांबलचक पत्र लिहून ठेवलं, पाठवलं नाही. भारतातून फोन आला की "अजून ठरायचंय" म्हणून विषय बदलला. आजोबांना तर डिसेंबरातच "जवळजवळ झाल्यात जमा आहे" असं सांगून बसले होते.

आणि मग, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कॉलेजकडूनच ई-मेल आली. तुमच्या उदार हाताची आठवण आहे, यंदाही वार्षिक निधीला हातभार लावा. वडिलांना ती चेष्टा वाटली. वस्तुस्थिती अगदी रुक्ष आहे. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, त्यामुळे देणग्यांची मोहीम एप्रिल ते जूनमध्ये सगळ्यात जोरात असते, आणि प्रवेशाचे नकारही नेमके मार्चअखेरीस जातात. निधी गोळा करणारा विभाग वेगळा, प्रवेश देणारा वेगळा. काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांना आधी कळवण्याची किंवा निदान काही काळ देणगीची पत्रं थांबवण्याची काळजी घेतात. या कॉलेजने घेतली नव्हती. मला विचाराल तर यात दुष्टपणा नाही, पण बेफिकिरी नक्की आहे. ज्याच्या मुलाला काल नाही म्हटलं त्याच्याकडे आज पैसे मागू नयेत, एवढं एखाद्या कारकुनालाही सुचायला हरकत नाही.

लेगसीचं गणित

इथे जरा थांबून लेगसीबद्दल बोलायला हवं, कारण या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात झुकतं माप देण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांत १९२० च्या दशकात रुळली. त्या वेळी परीक्षेच्या जोरावर ज्यू मुलांची संख्या वाढत होती. ती आटोक्यात ठेवायला चारित्र्य, व्यक्तिमत्त्व, घराणं असे निकष पुढे आणले गेले, आणि आपल्याच लोकांच्या मुलांना प्राधान्य हा त्यातलाच एक. जन्मच असा, म्हणून गेली काही वर्षं ही पद्धत टीकेची धनी झाली आहे. जॉन्स हॉपकिन्सने ती २०१४ मध्ये बंद केली आणि २०२० मध्ये तसं जाहीर केलं. ॲमहर्स्टने २०२१ मध्ये सोडली, वेस्लियनने २०२३ मध्ये. एमआयटी आणि कॅलटेक आई-वडील कुठे शिकले याला महत्त्वच देत नाहीत. २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केल्यावर "मग घराण्याचा विचार कसा चालतो?" हा प्रश्न जास्तच टोकदार झाला. कोलोराडोने सरकारी विद्यापीठांपुरती बंदी २०२१ मध्येच घातली होती. २०२४ मध्ये व्हर्जिनिया, मेरीलँड, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया यांनीही कायदे केले, कुठे फक्त सरकारी संस्थांना, कुठे खासगींनाही लागू होणारे.

ज्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आला, त्यात हार्वर्डचे आतले आकडे उघड झाले. एरवी असे आकडे कोणी दाखवत नाही, म्हणून तेच घेतो. २०१४ ते २०१९ मध्ये पदवी घेणाऱ्या वर्गांसाठी लेगसी अर्जदारांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना प्रवेश मिळाला. एकूण प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं. हे वाचल्यावर सगळे पाचपट फायद्यावर बोलतात, आणि ते बरोबरच आहे. (लेगसी मुलं मुळातच सुस्थितीतली, चांगल्या शाळांतली असतात, तेव्हा तो सगळाच फरक वशिल्याचा नाही. पण बराचसा आहे.) मी पालकांना त्याच आकड्याची दुसरी बाजू दाखवतो. इतकं झुकतं माप असूनही तिघांतल्या दोघांना नाही म्हटलं गेलं. लेगसीने दार थोडं किलकिलं होतं. रियुनियनच्या मांडवातून बघणाऱ्याला मात्र ते सताड उघडं दिसतं, कारण तिथे ज्यांच्या मुलांना प्रवेश मिळाला तेच त्याबद्दल बोलत असतात.

शिवाय हे गृहस्थ ज्या काळात आत गेले, तो काळ आता राहिला नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हार्वर्डकडे वर्षाला १८ हजारांच्या आसपास अर्ज यायचे. २०२१ साली ५७,४३५ आले आणि १,९६८ जणांना प्रवेश मिळाला, ३.४ टक्के. वर्ग मात्र तेव्हाही आणि आताही साधारण १,६५० जणांचाच. अर्ज फुगायला कारणं बरीच आहेत. एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज करता यावा म्हणून १५ कॉलेजांनी १९७५ मध्ये सुरू केलेलं कॉमन ॲप्लिकेशन १९९८ मध्ये ऑनलाइन झालं. पुढे २०२० च्या साथीत बहुतेक कॉलेजांनी एसएटी या प्रवेशपरीक्षेची सक्ती उठवली आणि "करून तर बघू" म्हणणाऱ्यांची रीघ लागली. सक्ती काही ठिकाणी परत आली आणि तिथे अर्ज काहीसे उतरलेही, पण साथीच्या आधीच्या आकड्यापर्यंत नाही.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बऱ्याच कॉलेजांत लेगसी धरताना पालकांची पदवी, म्हणजे अंडरग्रॅड, बघितली जाते. इथे एम.एस. किंवा एमबीए केलेल्या आई-वडिलांना फॉर्मवर ते लिहिता येतं, पण त्याला वजन किती, हे कॉलेजगणिक बदलतं. कितीतरी घरं या बाबतीत भ्रमात असतात. या वडिलांचा तसा भ्रम नव्हता. ते नियमात चोख बसणारे लेगसी पालक होते, आणि म्हणूनच जास्त लागलं.

काय लागलं

पहिल्या भेटीत ते एकटे आले. बराच वेळ प्रवेशप्रक्रिया किती बेभरवशाची झाली आहे यावर बोलले. मुद्देसूद, आकड्यांसकट. मी विचारलं की हेच कॉलेज सोडून दुसऱ्या एखाद्या, तितक्याच नावाजलेल्या कॉलेजने नाही म्हटलं असतं तर? "त्यांनीही म्हटलंय की," ते म्हणाले. तिला आणखी दोन ठिकाणांहून नकार आले होते. त्यांची नावं त्यांना पटकन आठवेनात.

मग म्हटलं, ते न पाठवलेलं पत्र वाचून दाखवा. फोनमध्येच होतं. सुरुवात देणग्यांच्या वर्षांनी होती, मग मुलाखतींचं काम, मग मुलीचे गुण आणि शर्यतींमधली वेळ. "माझ्या मुलीपेक्षा कमी गुण असलेल्या अर्जदारांना आपण..." इथे आल्यावर ते थांबले. काही वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः एका मुलाची मुलाखत घेतली होती. तो रात्री पेट्रोल पंपावर काम करायचा, धाकट्या भावंडांना शाळेत सोडायचा, गुण बेताचे. त्याच्यासाठी त्यांनी दोन पानं लिहिली होती आणि त्याला प्रवेश मिळाला तेव्हा घरी येऊन आनंदाने सांगितलं होतं.

"मला हे सगळं कळतं हो," ते म्हणाले. "मी आलो तेव्हाही कोणातरी माजी विद्यार्थ्याच्या मुलाला नाही म्हटलं असणार. पण कळून काय उपयोग?"

हे मला फार प्रामाणिक वाटलं. समुपदेशनात आपण लोकांना समजावण्याच्या मागे लागतो. या माणसाला समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेगसी अन्यायाची आहे असं तो स्वतः मानत होता, जेवणाच्या टेबलावर तसं बोलतही आला होता, आणि तरी ती आपल्या घराला मिळेल असं धरूनही चालला होता. दोन्ही एकाच वेळी मनात असू शकतं. त्यासाठी त्याला ढोंगी म्हणायची मला गरज वाटत नाही.

लागलं ते वेगळंच होतं आणि ते हळूहळू बाहेर आलं. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलाला त्या कॉलेजने जवळ केलं होतं. पुढची सगळी वर्षं त्यांनी ते नातं दोन्हीकडचं आहे असं समजून निभावलं. मुलीच्या नावाचं पत्र आलं आणि त्यांना ते स्वतःच्या नावाचं वाटलं: तुला एकदा दया म्हणून घेतलं होतं, तू आमचा कधी नव्हतासच. पत्रात अर्थातच असं काही नव्हतं. पण देशात नवखेपणाची वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात हे वाक्य कुठेतरी तयारच असतं, कोणीतरी उच्चारायची वाट बघत.

त्यात भर म्हणजे कारण कळायला वाव नाही. नकार आलेल्या अर्जदाराला स्वतःची फाइल मागता येत नाही. विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांबाबतचा १९७४ चा फेर्पा कायदा जे विद्यार्थी म्हणून दाखल झाले त्यांनाच हा हक्क देतो. अपिलाची सोय कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठासारख्या काही ठिकाणी आहे, बहुतेक खासगी कॉलेजांत निकाल अंतिम. त्यामुळे कारण शोधायचा खेळ कितीही दिवस चालू शकतो, आणि त्यांचा चालूच होता.

मुलगी

मुलगी एकदाच आली, तीही आईने आग्रह केला म्हणून. मोकळी, थोडी थट्टेखोर. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देतो, कारण मला त्यात भर घालता येणार नाही.

"कॉलेजचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते दोन-तीन दिवसांत गेलं. बाबाला कसं सांगायचं, ते मोठं होतं. पार्किंगमध्ये मी रडले ती त्यासाठी."

"शाळेत सगळे म्हणायचे, तुला काय, तुझं सेटच आहे. मिळालं असतं तर म्हणाले असते, बाबांमुळे. आता नाही मिळालं, तर सगळे माझ्याशी जास्तच चांगलं वागतात. वशिला असूनही हिला घेतलं नाही, म्हणजे हिच्यात काय प्रॉब्लेम असेल!"

"आणि तो 'हे कॉलेज का' वाला एसे. मी लिहिलाय, पण वाचला तर बाबाच आहे सगळा. त्याचा डॉर्म, त्याची लायब्ररी, तो कोट. मला तिथे काय शिकायचंय ते शेवटच्या दोन ओळींत."

एसेमुळे, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधामुळे, प्रवेश हुकला असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण माझ्यासाठी सगळ्या प्रकरणातली जास्त काळजीची गोष्ट हीच होती. सतरा वर्षांची मुलगी स्वतःचा नकार दोन-तीन दिवसांत पचवते आणि नंतर कित्येक आठवडे बाबांच्या चेहऱ्याकडे बघून घरात वावरते. तिला इतर दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता: समुद्रविज्ञानाचा चांगला विभाग असलेलं एक मध्यम आकाराचं खासगी कॉलेज, आणि एक सरकारी विद्यापीठ, तेही ऑनर्समध्ये, म्हणजे निवडक मुलांसाठीच्या अभ्यासक्रमात. त्या बातम्या तिने हळू आवाजात सांगितल्या होत्या. बाबा "चांगलं आहे" म्हणाले आणि परत लॅपटॉपकडे वळले.

यातली एक गंमत सगळ्यांच्याच नजरेतून सुटली होती. ते सरकारी विद्यापीठ आईचं. तिने तिथून एम.एस. केलं होतं. त्या विद्यापीठाचा स्वेटशर्ट घरात कधी आला नव्हता, रियुनियनला कोणी गेलं नव्हतं, आणि मुलीला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा "आईच्या कॉलेजात मिळाला" असं कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. आईच्याही नाही.

काय केलं

मोठं काही नाही. सगळ्यात आधी वडिलांच्या दुःखाला मुलीपासून वेगळी जागा करून दिली. ते खोटं नव्हतं आणि दडपायचंही नव्हतं. पण ते बायकोशी, मित्राशी किंवा माझ्याशी बोलायचं. मुलीसमोर १ मेपर्यंत, म्हणजे कॉलेज पक्कं करायच्या मुदतीपर्यंत, त्या कॉलेजचा विषय काढायचा नाही. "त्यांचंच नुकसान" हेसुद्धा म्हणायचं नाही, कारण त्यातही बोलणं त्यांच्याबद्दलच होतं. पालकांना हे वाक्य आधाराचं वाटतं. मुलांना त्यातून फक्त बाबा अजून तिथेच अडकलाय हे कळतं.

पत्र पाठवायचं नाही आणि पुसायचंही नाही, ठेवून द्यायचं. देणगीचा निर्णय ३० जूनच्या आधी घ्यायचा नाही. रागात बंद केलेली देणगी किंवा मोठेपणा दाखवायला वाढवलेली देणगी, दोन्हींचा नंतर पश्चात्ताप होतो. वर्गमित्राला पुन्हा फोन करायचा नाही, हे मी जरा कडक शब्दांत सांगितलं. नकार आल्यावर ओळखीतून चौकशी करणं म्हणजे मुलीच्या नावावर नको ती कुजबुज चिकटवणं.

नातेवाइकांना काय सांगायचं ते मुलीने ठरवावं, असं सुचवलं. तिने एका मिनिटात वाक्य दिलं: "तिथे नाही मिळालं, दोन ठिकाणी मिळालंय, एप्रिलमध्ये बघून ठरवणार." वडिलांनी ते आजोबांना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. आजोबा म्हणाले, "मग तू इतके दिवस गप्प का होतास?" आणि लगेच हवापाण्यावर गेले. ज्या फोनची धास्ती कित्येक दिवस घेतली होती, तो इतक्यात आटोपला.

एप्रिलमध्ये तिघं समुद्रविज्ञानवाल्या कॉलेजात प्रवेश मिळालेल्यांच्या दिवसासाठी गेले. तिथे गोष्ट फिसकटता फिसकटता राहिली. वाटाड्या विद्यार्थिनी लायब्ररी दाखवत होती आणि वडिलांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे ही चोवीस तास उघडी असायची." मुलगी थांबली आणि त्या विद्यार्थिनीला कळू नये म्हणून मराठीत म्हणाली, "बाबा, इथे मी येणार आहे." वडिलांनी मला सांगितलं की त्यांना आधी राग आला, मग ते प्रयोगशाळा बघेपर्यंत मागून चालत राहिले. प्रयोगशाळेत तिने प्राध्यापकांना नमुने साठवण्याबद्दल असे काही प्रश्न विचारले, की आपण तिला पहिल्यांदाच भेटतोय असं वडिलांना वाटलं. या विषयात तिला इतकी गती आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. तिच्या अर्जातल्या एसेतही ते नव्हतं.

पुढे

मुलीने तेच कॉलेज घेतलं. आईला थोडं लागलं, आणि तिने ते हसत हसत कबूलही केलं: "मला वाटलं होतं, निदान माझ्याकडे तरी येईल." एवढी वर्षं आपल्याला या गोष्टींचं काही नसतं असं तीही समजून होती.

जूनमध्ये वडिलांनी नेहमीपेक्षा लहान रक्कम दिली आणि ती फक्त विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीसाठी वापरावी असं लिहून दिलं. वर्गमित्रांकडून देणग्या मागायचं काम सोडलं. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याला पैसे द्या म्हणून सांगण्याइतकं मन आता लागत नाही. मला ते रास्त वाटतं. दरवेळी जुन्या जागी परत गेल्यानेच सगळं सुधारतं असं नाही. काही नात्यांना थोडं अंतर मानवतं. मुलाखती पुन्हा घ्यायच्या का, हे ठरलेलं नाही. इतर मुलांबद्दल मोकळ्या मनाने लिहिता येईल याची खात्री झाल्याशिवाय नको, असं त्यांनीच सांगितलं.

मुलीची बाजू मला तितकी निकालात निघालेली वाटत नाही. पहिल्या सत्रात तिचे फोन आईला यायचे, बाबांना कमी. वडिलांना ते जाणवलं आणि त्यांनी प्रवेशाचा विषय वगळून तिच्याशी बोलायला सुरुवात केली. सुरुवातीला बोलायला काही सापडेना, असं ते म्हणाले. तिच्या अकरावी-बारावीच्या वर्षांत दोघांचं सगळं बोलणं अर्जाभोवतीच फिरत होतं.

धाकटा मुलगा नववीत आहे. त्याने बाबांच्या कॉलेजला अर्ज करायचा का, यावर घरात एकमत नाही. आईचं म्हणणं, करूच नये. वडील म्हणतात, करायचा तर करू दे, पण माझं नाव मध्ये नको. त्याला अडचण अशी की कॉमन ॲपच्या फॉर्ममध्ये पालक कुठे शिकले ते विचारतात. ताईचं मत, आधी त्याला विचारा. अकरावीपर्यंत हा विषय काढायचा नाही, असं सध्या ठरलं आहे. पुढचं रियुनियन त्याच्या आत येतं, आणि त्याला न्यायचं का, यावर गेल्या भेटीत दोघांची माझ्यासमोरच जुंपली.